मेलेल्यांची तारीख : सोव्हिएत भूतकाळ, इतिहासकार आणि सामूहिक स्मृती

आजचा विषय आहे सोव्हिएत भूतकाळ आणि तो सांगणारे इतिहासकार. विषय अवाढव्य आहे. क्रांती, सामूहिक शेती, दुष्काळ, महायुद्ध, शीतयुद्ध हे सगळं एका तासात घ्यायला गेलो तर हाती काहीच लागणार नाही. म्हणून मी फक्त दोन जागा निवडल्या आहेत. दोन्ही जंगलातल्या. एक कातिन, पश्चिम रशियात स्मोलेन्स्क शहराजवळ. दुसरी सांदरमोख, उत्तरेला करेलिया प्रांतात. दोन्ही ठिकाणी माणसं गोळ्या घालून पुरलेली आहेत, आणि दोन्ही ठिकाणी वाद एकाच प्रश्नावर झाला : यांना मारलं कोणी, आणि कधी?

यातला 'कधी' फार महत्त्वाचा आहे. आजच्या बोलण्याचा सगळा रोख त्या एका शब्दावर आहे, तेव्हा तो लक्षात ठेवा.

इतिहास आणि स्मृती

आधी थोडी तात्त्विक बाजू, पटकन. 'सामूहिक स्मृती' ही कल्पना मॉरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ मध्ये मांडली. त्याचं म्हणणं असं की माणूस एकटा आठवत नाही. घर, धर्म, वर्ग, देश यांनी घालून दिलेल्या चौकटीत तो आठवतो. जे त्या चौकटीत बसतं ते टिकतं, जे बसत नाही ते हळूहळू पुसलं जातं. हा हाल्बवाक्स स्वतः १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत मेला.

आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद असा भेद करतात. बखर एका समाजाची आठवण सांगते. त्यात सांगणाऱ्याचा अभिमान असतो, राग असतो. कागद त्या आठवणीला अडवतो, 'थांब, तारीख जुळत नाही' म्हणतो. आता कल्पना करा, बखर लिहिणारं आणि कागद कुलूपबंद ठेवणारं हे दोघंही एकच असले तर काय होईल? सोव्हिएत संघात नेमकं हेच झालं.

१९३८ साली पक्षाच्या इतिहासाचा 'संक्षिप्त पाठ' निघाला. स्टालिननं स्वतः त्यावर हात फिरवला होता. पुढची पंधराएक वर्षं शाळेपासून विद्यापीठापर्यंत इतिहास म्हणजे हे पुस्तक. १९५३ मध्ये स्टालिन गेला आणि त्याच वर्षी गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याला गोळी घातली गेली. तेव्हा 'बृहत् सोव्हिएत विश्वकोशा'च्या वर्गणीदारांना टपालानं नवी पानं आली. बेरियावरची नोंद कात्रीनं कापा आणि तिच्या जागी बेरिंग समुद्रावरची ही पानं चिकटवा, अशी सूचना सोबत होती. हसू येतं, पण नीट बघा. सरकारनं घराघरातल्या वाचकाच्या हातात कात्री दिली. विसरण्याचं काम त्याच्याच हातून करून घेतलं.

१९५६ मध्ये ख्रुश्चेव्हनं स्टालिनवर टीका केल्यावर काही इतिहासकारांना धीर आला. 'वोप्रोसी इस्तोरी' या नियतकालिकाचे उपसंपादक बुर्दझालोव यांनी १९१७ च्या क्रांतीत स्टालिनची भूमिका प्रत्यक्षात काय होती यावर लिहिलं. १९५७ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. अलेक्सांद्र नेक्रिच यांनी १९४१ च्या जर्मन हल्ल्याआधीच्या गाफीलपणावर १९६५ मध्ये पुस्तक काढलं. १९६७ मध्ये त्यांना पक्षातून काढलं. मग एकदम १९८८. गोर्बाचेव्हचा काळ. जुनी पाठ्यपुस्तकं इतकी निरुपयोगी ठरली की शालान्त वर्गाची इतिहासाची परीक्षाच रद्द केली. सरकारनंच मान्य केलं की मुलांना जे शिकवलं त्यावर प्रश्न विचारण्यात अर्थ नाही!

कातिन : तारीख सरकवली

आता पहिल्या जंगलात जाऊ. एप्रिल १९४३. स्मोलेन्स्क जर्मनांच्या ताब्यात होतं. जर्मनांनी जाहीर केलं की कातिनच्या जंगलात हजारो पोलिश लष्करी अधिकाऱ्यांची प्रेतं सापडली आणि हे काम सोव्हिएत पोलिसांचं आहे. सोव्हिएत सैन्यानं तो भाग परत जिंकल्यावर सरकारनं शल्यविशारद बुर्देन्को यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. जानेवारी १९४४ मध्ये आयोगानं निष्कर्ष दिला : १९४१ च्या शरद ऋतूत जर्मनांनीच मारलं.

सगळा झगडा दीड वर्षाचा आहे, बघा. वसंत १९४० असेल तर भाग सोव्हिएत ताब्यात, म्हणजे मारणारे सोव्हिएत. शरद १९४१ असेल तर भाग जर्मन ताब्यात, म्हणजे मारणारे जर्मन. तारीख बदलली की खुनी बदलतो.

न्यूरेंबर्ग खटल्यात सोव्हिएत पक्षानं कातिनचा आरोप जर्मनांवर ठेवला. तो सिद्ध झाला नाही आणि निकालपत्रात त्याचा उल्लेखही आला नाही. तरीही पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं मॉस्कोची अधिकृत भूमिका तीच राहिली.

ती बदलली कशी? नताल्या लेबेदेवा या रशियन संशोधिका कैद्यांची ने-आण करणाऱ्या पहारेकरी सैन्याची कागदपत्रं चाळत होत्या. रुक्ष कागद. किती कैदी, कुठल्या छावणीतून, कुठल्या दिवशी, कुठे. त्यांच्याबरोबरचे अभ्यासक युरी झोर्या यांनी छावणीतून कैदी पाठवल्याच्या याद्या आणि १९४३ मध्ये ओळख पटलेल्या प्रेतांची यादी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली. नावं जुळली. १९४० च्या वसंतात ज्यांना छावणीतून बाहेर काढलं, तेच खड्ड्यात होते. या झोर्यांचे वडील न्यूरेंबर्गला सोव्हिएत वकीलपथकात होते आणि मे १९४६ मध्ये तिथेच गोळी लागून मेले होते. मुलगा बापाच्या पक्षाची बाजू कागदानं खोडून काढत होता.

१३ एप्रिल १९९० रोजी सोव्हिएत सरकारनं जबाबदारी मान्य केली. ऑक्टोबर १९९२ मध्ये येल्तसिनच्या दूतानं पोलंडचे अध्यक्ष वालेंसा यांच्या हाती मूळ कागद दिले. त्यात ५ मार्च १९४० चा पॉलिटब्यूरोचा ठराव होता आणि १९५९ चं एक पत्र होतं. त्या पत्रात मारलेल्यांचा आकडा होता २१,८५७, आणि त्यांच्या फायली नष्ट कराव्यात अशी शिफारस होती. नोव्हेंबर २०१० मध्ये रशियन संसदेनंही ठराव केला की ही हत्या स्टालिनच्या थेट आदेशानं झाली.

इथे तुम्ही म्हणाल, झालं, संपला विषय. पण नाही. त्वेर शहरात ज्या इमारतीत या कैद्यांपैकी अनेकांना मारलं, तिथे आज वैद्यकीय विद्यापीठ आहे. त्या भिंतीवर स्मृतिफलक होते. मे २०२० मध्ये, विजयदिनाच्या दोन दिवस आधी, ते काढले गेले. कागद सिद्ध आहे, संसदेचा ठराव आहे, तरी भिंत कोरी झाली. म्हणजे इतिहास सिद्ध होणं आणि तो स्मृतीत रुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सांदरमोख : नावांचं जंगल

दुसरं जंगल. १९३७ च्या उन्हाळ्यात गुप्त पोलिसांचा, म्हणजे एनकेव्हीडीचा, आदेश क्रमांक ००४४७ निघाला. प्रत्येक प्रांताला कोटा ठरवून दिला : इतक्यांना गोळी, इतक्यांना छावणी. सुरुवातीचाच आकडा सुमारे ७६,००० जणांना गोळी घालण्याचा होता. नंतर प्रांतांनी कोटा वाढवून मागितला आणि तो मिळाला. या आणि इतर मोहिमा मिळून १९३७-३८ या दोन वर्षांत ६,८१,६९२ जणांना गोळ्या घातल्याची नोंद खुद्द पोलिसांच्या दप्तरात आहे.

श्वेत समुद्रातल्या सोलोवकी बेटांवरच्या तुरुंगाला कोटा मिळाला १,२००. हे लोक आधीच कैदेत होते. त्यांतल्या १,१११ जणांना २७ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर १९३७ या दिवसांत मुख्य भूमीवर आणून मारलं. मारणारा मिखाईल मात्वेयेव, लेनिनग्राडहून खास पाठवलेला अधिकारी. मेलेल्यांत मिकोला झेरोव हा युक्रेनियन कवी, लेस कुर्बास हा नाट्यदिग्दर्शक, प्राध्यापक, धर्मगुरू, शेतकरी, अनेक वंशांची माणसं.

घरच्यांना काय सांगितलं? 'दहा वर्षांची सजा, पत्रव्यवहाराचा हक्क नाही.' बाई वाट बघत बसली. दहा वर्षं झाली, माणूस आला नाही. मग १९५५ मध्ये केजीबीचं गुप्त परिपत्रक निघालं. चौकशी करणाऱ्या नातेवाइकांना सांगायचं की तुमचा माणूस छावणीत आजारानं वारला. तारीख द्यायची अटकेनंतरच्या दहा वर्षांतली कुठलीही. आजार न्यूमोनिया, हृदयविकार, काहीही. त्यानुसार मृत्यूचे दाखले दिले गेले, शिक्का मारून. १९३७ मध्ये गोळी घातलेला माणूस कागदावर १९४२ किंवा १९४४ मध्ये आजारानं मेला. युद्धाच्या वर्षांत लाखो मरतच होते, त्यात हाही एक. खऱ्या तारखा कुटुंबांना राजरोस मिळू लागल्या १९८९ पासून.

आता 'कधी' हा शब्द मी का लक्षात ठेवायला सांगितला ते कळलं असेल. आधी माणूस मारला, मग त्याच्या मरणाची तारीख मारली. मुलं चुकीच्या तारखेला मेणबत्ती लावत राहिली.

सोलोवकीचे ते हजार कैदी गेले कुठे, हे साठ वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. बोटीत बसवून समुद्रात बुडवले अशी दंतकथा होती. 'मेमोरियल' या संस्थेचे वेनियामिन इओफे आणि इरिना फ्लिगे यांनी गोळी घातलेल्यांच्या याद्या मिळवल्या. मात्वेयेवला १९३९ मध्ये त्याच्याच खात्यानं अटक केली होती. त्या चौकशीतली त्याची जबानी सापडली आणि तिच्यात जागेचा माग होता. करेलियातले स्थानिक संशोधक युरी द्मित्रियेव आपल्या प्रांतातल्या मेलेल्यांचा शोध घेत होते. तिघं एकत्र आले आणि जुलै १९९७ मध्ये मेद्वेझ्येगोर्स्क गावाजवळच्या जंगलात जमिनीवर चौकोनी खळगे दिसले. खणल्यावर कवट्या निघाल्या, मागून गोळी घुसलेल्या. एकूण २३६ खड्डे. द्मित्रियेवांनी तिथल्या सहा हजारांहून अधिक मृतांची नावं शोधून काढली.

मग लोक येऊ लागले. कुणी झाडाला फोटो बांधला, कुणी क्रूस रोवला. पोलिश, युक्रेनियन, फिनिश, मुसलमान, ज्यू, ज्याचं त्याचं चिन्ह उभं राहिलं. ५ ऑगस्ट हा स्मृतिदिन ठरला. सरकारनं नेमलेलं स्मारक हे नव्हे. यादीमुळे लोकांना आपला माणूस सापडला, म्हणून ते उभं राहिलं. इतिहासकार स्मृती घडवतो म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

२०१६ मध्ये पेत्रोझावोद्स्क विद्यापीठातल्या दोन इतिहासकारांनी वेगळं गृहीतक मांडलं : सांदरमोखमध्ये फिनिश सैन्यानं १९४१ ते १९४४ दरम्यान मारलेले सोव्हिएत युद्धकैदीही असू शकतील. २०१८ आणि २०१९ मध्ये रशियन सैनिकी इतिहास संस्थेनं तिथे उत्खनन केलं आणि मिळालेले अवशेष या गृहीतकाला पुष्टी देतात असं म्हटलं.

दरम्यान डिसेंबर २०१६ मध्ये द्मित्रियेवांना अटक झाली. आरोप सांदरमोखबद्दल नव्हते, दत्तक मुलीसंबंधीच्या लैंगिक गुन्ह्याचे होते. एप्रिल २०१८ मध्ये खालच्या न्यायालयानं त्यांना मुख्य आरोपातून निर्दोष ठरवलं. तो निकाल रद्द झाला, पुन्हा खटला चालला, आणि शिक्षा साडेतीन वर्षांवरून तेरा, तेरावरून पंधरा वर्षांवर गेली. आरोप बनावट आहेत असं मेमोरियल आणि अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे.

मतभेद आणि दिशाभूल

इथे एक रास्त शंका येते. इतिहासात मतभेद असायचेच. दोन प्राध्यापकांनी वेगळं गृहीतक मांडलं तर बिघडलं कुठे?

गृहीतक मांडण्यात काहीच बिघडत नाही. सोव्हिएत इतिहासावर जोरदार वाद झालेत. रॉबर्ट कॉन्क्वेस्ट यांनी १९६८ मध्ये 'द ग्रेट टेरर' लिहिलं तेव्हा दप्तरं बंद होती. निर्वासितांच्या आठवणींवरून त्यांनी मृतांचे फार मोठे अंदाज बांधले. १९८० च्या दशकात शीला फिट्झपॅट्रिक, आर्च गेटी वगैरे मंडळी म्हणाली की सगळं एका माणसाच्या लहरीवर ढकलू नका, खालून काय चाललं होतं तेही बघा. दप्तरं उघडल्यावर दोन्ही बाजूंना माघार घ्यावी लागली. कॉन्क्वेस्ट यांचे आकडे खाली आले. पण आदेश आणि कोटा वरूनच गेले होते, हेही कागदानं दाखवलं. १९३२-३३ च्या दुष्काळाचं तसंच. युक्रेनमध्ये लाखो माणसं मेली हे आज अभ्यासकांत वादग्रस्त नाही. हेतू काय होता, त्याला वंशसंहार म्हणायचं का, यावर गंभीर अभ्यासकांत अजून वाद आहे.

म्हणजे खऱ्या मतभेदाची एक खूण आहे : कोणता कागद निघाला तर मी माझं मत बदलेन, हे सांगता येतं. सांदरमोखला ती कसोटी लावा. एका बाजूला नावांच्या याद्या आहेत, गोळी घालणाऱ्याचा अहवाल आहे, त्याची जबानी आहे, जागा आहे. दुसऱ्या बाजूला फिनिश सैन्यानं त्या जागी सामूहिक हत्या केल्याचा एकही कागद नाही, एकाही मृताचं नाव नाही. फिनिश छावण्यांत हजारो सोव्हिएत युद्धकैदी मेले, हे खरंच आहे. त्यांनाही न्याय मिळाला पाहिजे. पण तो १९३७ च्या मृतांच्या जागेवर त्यांना झोपवून मिळत नाही.

आता दोन्ही जंगलं शेजारी ठेवा. कातिनला म्हणाले, १९४० नव्हे १९४१, आम्ही नव्हे जर्मन. सांदरमोखला म्हणतात, फक्त १९३७ नव्हे १९४१-४४ सुद्धा, फक्त आम्ही नव्हे फिनिशही. दोन्ही वेळा ओढ एकाच दिशेला आहे, युद्धाच्या वर्षांकडे.

का बरं? कारण रशियन माणसाच्या स्मृतीची चौकट १९४५ च्या विजयाची आहे. आणि ती खोटी नाही, हे आपण विसरता कामा नये. सुमारे २ कोटी ७० लाख सोव्हिएत माणसं त्या युद्धात मेली. जवळपास प्रत्येक घरात एक फोटो आहे. २०१२ मध्ये तोम्स्क शहरातल्या काही पत्रकारांनी विजयदिनाला आपापल्या आजोबांचे फोटो घेऊन चालण्याची प्रथा सुरू केली, 'अमर पलटण' नावाची. २०१५ पर्यंत तिचा सरकारी सोहळा झाला आणि पुतिन स्वतः वडिलांचा फोटो घेऊन पुढे चालले. मनापासूनची आठवण आणि सरकारी कार्यक्रम एकमेकांत असे मिसळतात.

या चौकटीत १९३७ बसत नाही. कारण तिथे मरणारे आपले आणि मारणारेही आपलेच. सरकार दडपशाही सरसकट नाकारतं असंही नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये पुतिन यांनीच मॉस्कोत बळींसाठी 'शोकभिंत' उघडली. बळींबद्दल हळहळ चालते. कोणी मारलं हे नावानिशी विचारलेलं चालत नाही. २०२० च्या घटनादुरुस्तीत 'ऐतिहासिक सत्याचं रक्षण' हे राज्याचं काम ठरलं. २८ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मेमोरियल बरखास्त करण्याचा आदेश दिला, द्मित्रियेवांची शिक्षा पंधरा वर्षं झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सोव्हिएत संघाची दहशतवादी राज्य अशी खोटी प्रतिमा ही संस्था उभी करते, असा सरकारी वकिलांचा युक्तिवाद होता. तीस लाखांहून अधिक बळींची नावं त्या संस्थेनं गोळा केली होती. २०२२ मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं, इतर दोघांबरोबर.

यात आपलाही एक बारीक धागा आहे. अण्णा भाऊ साठ्यांनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला. गिरणगावातल्या श्रोत्यांसाठी ते नाव म्हणजे फॅसिझमला अडवणारं शहर, आणि ते बरोबरच होतं. अण्णा भाऊ रशियाला गेले १९६१ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीला त्या शहराचं नाव बदलून व्होल्गोग्राड झालं. शहराचं नाव गेलं, पोवाड्यात राहिलं. आणि २०१३ मध्ये तिथल्या नगरसभेनं ठरवलं की वर्षातले काही ठरावीक दिवस शहराला पुन्हा स्टालिनग्राड म्हणायचं. पोवाड्यातलं शौर्य खरं आहे. पण त्या नावाच्या माणसानं सह्या केलेल्या याद्याही खऱ्या आहेत. दोन्ही एकाच वेळी मनात धरता येणं, हेच अवघड आहे.

श्रोत्यांचा प्रश्न

*प्रश्न : सर, पाश्चात्त्य देशांनी तरी कातिनचं सत्य कुठे निखळ मनानं सांगितलं? त्यांचंही राजकारण होतंच ना?*

होतं, आणि हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. १९४३ मध्ये ब्रिटनचे पोलिश सरकारकडचे राजदूत ओवेन ओ'मॅली यांनी अहवाल दिला की पुरावा सोव्हिएतांकडे बोट दाखवतो. चर्चिल सरकारनं तो दाबून ठेवला, कारण स्टालिन दोस्त होता. १९५१-५२ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं समिती नेमली आणि सोव्हिएतांना दोषी ठरवलं, कारण आता शीतयुद्ध होतं. प्रेतं तीच, पुरावा बहुतेक तोच, सोयीची वेळ वेगळी.

म्हणून कोणत्या सरकारनं सांगितलं यावरून सत्य ठरवू नये. गोबेल्सनं कातिनचा वापर प्रचारासाठी केला, तरी त्यात मारणाऱ्याचं नाव बरोबर होतं. हे पचायला जड आहे, पण इतिहासकाराला ते पचवावं लागतं.

मॉस्कोत गुप्त पोलिसांच्या मुख्यालयासमोर सोलोवकीहून आणलेला एक दगड आहे, १९९० मध्ये बसवलेला. तिथे २००७ पासून दरवर्षी २९ ऑक्टोबरला लोक रांग लावत आणि एकेक जण चिठ्ठीवरची नावं मोठ्यानं वाचे. नाव, वय, व्यवसाय, गोळी घातल्याची तारीख. दिवसभर वाचलं तरी नावं संपत नसत. २०२० पासून साथीचं कारण देऊन तिथे परवानगी मिळाली नाही. मग लोक ऑनलाइन वाचू लागले, इतर देशांतल्या शहरांतूनही वाचू लागले. त्यात कुठेही भाषण नसतं, मल्लिनाथी नसते. पण तारीख मात्र प्रत्येक वेळी वाचली जाते, आणि ती खरी असते.

आज इथेच थांबू.